दिंडीच्या ट्रॉलीत जागा कशी काढावी

दिंडीची ट्रॉली यंदा तुझ्याकडे आली, हे बरं झालं. तुझ्या हाताला वेल्डिंग आहे, ट्रॅक्टर तुला कळतो, आणि मोठ्यांचं ऐकून घ्यायची सवय अजून गेलेली नाही. सामान दरवर्षी वाढतंय ही तुझी तक्रारही खरी आहे. पूर्वी दोन तंबू, चुलीचं लोखंड, धान्याची पोती आणि माणसागणिक एक वळकटी एवढ्यावर दिंडी चालायची. आता गॅसच्या शेगड्या आल्या, सिलिंडर आले, पाण्याची टाकी आली, जनरेटर आला, मोबाइल चार्जिंगची फळी आली, गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या आल्या, औषधांची पेटी आली. यातलं काही घरी ठेव असं मी म्हणणार नाही. चालणारी माणसं रात्री सुखानं टेकली पाहिजेत. पण परवा तू म्हणालास, ‘फाळके दोन फुटांनी उंच करतो, मागं तीन फूट हौदा वाढवतो, म्हणजे प्रश्न मिटला.’ चार माणसांत त्यावर बोललो नाही. सगळं सविस्तर सांगायचं होतं, ते आता सांगतो.

ट्रॉलीत जागा काढायची ती आतून. उंची वाढवून नाही, आणि मागं शेपूट जोडून तर मुळीच नाही.

आपली ट्रॉली दहा बाय सहा फुटांची, फाळका दोन फूट. म्हणजे आत १२० घनफूट जागा. गेल्या वर्षी भरलेली ट्रॉली मी नीट बघितली होती. पातेली उताणी, त्यांच्या पोटात नुसती हवा. खुर्च्या आडव्यातिडव्या. तंबूच्या काठ्या कोपऱ्यात उभ्या, म्हणून त्यांच्या आजूबाजूला काहीच ठेवता येईना. पोत्यांवर काही ठेवलं की खालचं पोतं काढायला सगळं उतरवायचं, म्हणून पोत्यांवर कुणी काही ठेवतच नव्हतं. निम्मी ट्रॉली वाऱ्यानं भरलेली होती. ती जागा आधी ताब्यात घे. एवढं केलंस तर लोखंड कापायची वेळच येणार नाही, असंही होऊ शकतं.

आता मागं तीन फूट का वाढवायचं नाही ते ऐक. बैलगाडीच्या दिवसांत गाडी भरताना म्हातारी माणसं एकच गोष्ट सारखी बघायची, गाडी उलाळ होत नाही ना. आसाच्या मागं ओझं जास्त झालं की जू वर उचलायचं, बैलांच्या गळ्याला फास बसायचा. दोन चाकी ट्रॉलीचंही अगदी तसंच आहे, फक्त बैलांच्या जागी ट्रॅक्टरचा हूक आला. एक्सलच्या मागं तीन फूट लोंबता हौदा केलास की त्यात टाकलेलं प्रत्येक पोतं दांडी वर उचलायला लागतं. दांडी हलकी झाली की ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीवर बसत नाहीत, चिखलात ती नुसती फिरतात, आणि रस्त्यावर ट्रॉली डावी-उजवी झुलायला लागते. उलट सगळं पुढं ढकललंस तर दांडी जड होते, ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा दांडीवर असावा, फार तर त्याहून थोडा अधिक. तीन टनांची भरलेली ट्रॉली असेल तर दांडीवर तीनशे किलोच्या आसपास.

हे अंदाजानं कळत नाही, काट्यावर कळतं. आपल्या भागात काट्याची वानवा नाही. न्हावऱ्याला घोडगंगा कारखाना आहे, पाटसला भीमा, आलेगावला दौंड शुगर, पाटेठाणला श्रीनाथ म्हस्कोबा. शिवाय बाजारपेठांत खासगी काटे आहेतच. भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असतानाच आधी फक्त ट्रॉलीची चाकं काट्यावर घे आणि वजन लिहून ठेव. मग ट्रॉली काट्यावर सपाट उभी कर, चाकांना गुटके लाव, दांडी घोडीवर टेकव, ट्रॅक्टर बाजूला काढ आणि पूर्ण वजन घे. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केलास की दांडीवर किती ओझं आहे ते निघतं. हे वजाबाकीचं काम करून घ्यायला माणसं टाळाटाळ करतात. तू करू नकोस.

फाळके उंच करण्याचंही तसंच. दहा बाय सहाच्या ट्रॉलीला चारी बाजूंनी दोन फूट फाळका वाढवायचा म्हणजे ६४ चौरस फूट पत्रा. तीन मिलिमीटरचा घेतलास तर नुसता पत्राच १४० किलो भरतो, वरून उभे अँगल वेगळे. एवढं लोखंड ट्रॉलीच्या डोक्यावर चढलं. मग उंच फाळका दिसला की माणसं तो काठोकाठ भरणार, हा माणसाचा स्वभाव आहे. वजन जितकं वर जातं तितकी ट्रॉली वळणावर कलते. पालखीचा वरवंडचा मुक्काम हलला की पाटस सोडून रोटीचा घाट लागतो. तुकोबांच्या रथाला तिथं जादा बैलजोड्या जुंपतात, एवढा तो चढ आहे. त्या घाटात वरजड ट्रॉली कशी डुलते ते मागून येणाऱ्याला जास्त कळतं. शेजारून माणसं चालत असतात, हे कधी विसरू नकोस.

उंचीचं आणखी एक. आषाढातल्या वाऱ्यापावसात गावातल्या वीजतारा खाली आलेल्या असतात, झाडांच्या फांद्या भिजून वाकलेल्या असतात. रेल्वेच्या मोऱ्या तर आपल्या वाटेवर आहेतच. दौंड हे जंक्शन, तिथली कुरकुंभ मोरी माहीत नाही असा ट्रॅक्टरवाला तालुक्यात सापडणार नाही. ताडपत्रीची कमान धरून ट्रॉलीची जमिनीपासूनची पूर्ण उंची टेपनं मोज आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर रंगानं लिहून ठेव. रात्री चालवायला दुसरा पोरगा बसला तर त्याला विचारावं लागणार नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, त्यातलं कलम ५२. नोंदणीच्या कागदावरचा, बनवणाऱ्यानं ठरवलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला मनानं करता येत नाही. हौदा लांब करणं, रुंद करणं त्यातच येतं. गाडीची रुंदी २.६ मीटरच्या वर जाऊ द्यायची नाही, हा केंद्रीय नियम आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागं आणखी २,००० रुपये. माल हौद्याच्या बाहेर आला तरी २०,००० रुपये. ऊस भरताना खुंट लावून बाहेरपर्यंत मोळ्या रचायची आपल्याकडं सवय झाली आहे. ती सवय वारीच्या वाटेवर आणायची नाही. काही शंका आली तर लोखंडाला हात लावण्याआधी आरटीओत जाऊन विचार. दौंडकडची गाडी असेल तर बारामतीला.

परदेशात लोक मोटारीमागं चाकाचं घर जोडून हिंडतात. आपल्या राज्य सरकारनंही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं. पण ओढत्या गाडीत संसार भरून आठवडेच्या आठवडे वाट चालायचं काम आपल्याकडं दिंड्या आणि ऊसतोड कुटुंबं फार आधीपासून करत आली आहेत. त्यांच्या गाड्या बघ. भरलेल्या गाडीत कुठली वस्तू कुठं हे अंधारात हात घालून सांगणाऱ्या बाया मी बघितल्या आहेत. कारागिरापेक्षा त्यांना जास्त कळतं. आराखडा काढायच्या आधी दिंडीतल्या स्वयंपाकाच्या बायकांना बोलव. रोज संध्याकाळी आधी काय लागतं, मग काय लागतं, हे त्यांच्याकडून लिहून घे.

आता करायचं काय ते सांगतो. पहिलं काम माळ्याचं.

फाळक्याच्या उंचीला, म्हणजे तळापासून दोन फुटांवर, अँगलची चौकट बसव. ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा अँगल पुरे, त्याचं वजन मीटरला तीन किलो. लांबीच्या दोन बाजू, आडव्या सहा पट्ट्या आणि खालचे पाय धरून साठ-पासष्ट किलोत चौकट होते. वर लोखंडी पत्रा टाकू नकोस. साठ चौरस फुटांना तीन मिलिमीटरचा पत्रा १३० किलो होतो, तेच १९ मिलिमीटरचं वॉटरप्रूफ प्लायवूड सत्तर किलोच्या आत-बाहेर. शिवाय पावसात ओल्या पत्र्यावर पाय सरकतो आणि उन्हात त्यावर बसवत नाही.

प्लायवूड अखंड टाकायचं नाही, इथंच सगळी खुबी आहे. दोन फूट रुंद आणि सहा फूट लांब असे पाच तुकडे कर, आडवे टाकायचे. एक तुकडा चौदा किलोच्या आसपास, एकटा माणूस उचलतो. कडेला हात घालायला गोल भोक ठेव. आता खालचं तांदळाचं पोतं हवं असेल तर वरचं सगळं उतरवायचं कारण नाही. तेवढ्या भागातल्या वळकट्या बाजूला सार, तुकडा उचल, पोतं काढ, तुकडा परत टाक. प्रत्येक तुकड्याला खालून दोन लाकडी अडणी मार म्हणजे हादऱ्यानं तो सरकणार नाही, आणि वरून एक आडवी कडी लाव म्हणजे उडणार नाही. कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात दे, प्लायवूड कडेतूनच पाणी पितं.

या माळ्यानं जागा कशी वाढते ते समजून घे. खालच्या सामानावर वरचं ओझं येत नाही, म्हणून खालची दोन फूट जागा काठापर्यंत भरता येते. जड ते सगळं खाली, हलकं ते वर. माळ्यावर फक्त वळकट्या, कपड्यांच्या पिशव्या, घड्या घातलेल्या ताडपत्र्या, पखवाज आणि वीणा. पखवाजाला ओल लागू द्यायची नाही, त्याची जागा पुढच्या भिंतीशी, कमानीखाली, प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत. सवा इंची जीआय पाइपाच्या तीन-चार कमानी पुरतात. कमानीला मधे उंची दे, नाहीतर ताडपत्रीत पाणी साचून खड्डा पडतो, आणि साचलेल्या पाण्याचं वजन लिटरला किलो.

रात्री त्याच माळ्यावर पाच-सहा जणी झोपू शकतात. वळकट्या खाली गेल्या की जागा मोकळीच असते. पण दोन गोष्टी पाळ. ट्रॉली चालत असताना माळ्यावर कुणी बसायचं नाही, कितीही पाय दुखत असले तरी. त्यांच्यासाठी वेगळी प्रवासी गाडी ठरव. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ट्रॅक्टर सोडवून ट्रॉली एकटी उभी असते तेव्हा तीन-चार माणसं मागून चढली की दांडी एकदम वर जाते आणि मागचा फाळका जमिनीला टेकतो. चाकांना गुटके आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली घोड्या, एवढं झाल्याशिवाय कुणालाही चढू देऊ नकोस. काळ्या रानात मुक्काम असेल तर घोड्यांखाली फळ्या टाक, नाहीतर रात्रीच्या पावसात त्या रुततात.

माळा नट-बोल्टनं बसव, वेल्डिंगनं नाही. १२ मिलिमीटरचे बोल्ट, दोन्हीकडं वायसर, वरून लॉकनट. वारी झाली की हीच ट्रॉली शेणखताला लागणार, मग कांद्याला, मग गुऱ्हाळाला ऊस ओढायला. दोन माणसांनी निम्म्या दिवसात माळा सोडवून गोठ्याच्या भिंतीला लावता आला पाहिजे. तुकड्यांवर आणि चौकटीवर आकडे टाकून ठेव, पुढच्या ज्येष्ठात कोणता कुठं ते शोधत बसायला नको.

आपली ट्रॉली डंपिंगची आहे, म्हणून माळ्याचा एकही पाय चासीला जोडायचा नाही, सगळे हौद्याच्या तळावर. आणि वारीला निघताना हायड्रॉलिकचा पाइप ट्रॅक्टरपासून काढून तोंडाला फडकं बांधून ठेव, हौदा आणि चासी दोन्ही मिळून पिनेनं जखड. गर्दीत कुणाच्या तरी हातून लिव्हर ओढला जातो. त्या वेळी माळ्यावर माणसं झोपलेली असू शकतात.

मागचा फाळका नुसता दार म्हणून वापरतोस, ती मोठी उधळपट्टी आहे. त्याला दोन्ही कडेला साखळ्या लाव, म्हणजे तो आडवा उघडून तसाच थांबेल, आणि बाहेरच्या कडेला बिजागरीचे दोन दुमडते पाय दे. झाला सहा फुटांचा ओटा. पीठ मळायला, भाज्या चिरायला, पंगतीच्या बादल्या भरायला. घरून लाकडी टेबलं आणायची आता गरज नाही, तेवढी जागा आणि तेवढं वजन वाचलं. आतल्या बाजूला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा ठोक, धुवायला सोपा. यवतच्या मुक्कामात गावाकडून पिठलं-भाकरी असते, त्या रात्री आपल्या स्वयंपाकाला विसावा. तिथून पुढं मात्र हा ओटा रोज उपयोगी पडेल.

बाजूचा एक फाळका दोन तुकड्यांत करून घे, मधे खुंट देऊन. रोजची शिधापेटी, मीठ-मसाले, चहासाखर त्या अर्ध्या दारामागं. मागचं सगळं न हलवता बाजूनं हात जातो. खुंट आहे त्या जागी ठेव, नवी कापाकापी कमी कर. फाळका कापला की हौद्याचा ताण खुंटावर येतो.

पोटाखालची जागाही बघ. हायड्रॉलिक जॅकच्या दोन्ही बाजूंना, चाकांच्या पुढं, चासीच्या बाहेरच्या अंगाला दोन लांबट पेट्या बसतात. त्यात फक्त लोखंडी आणि न भिजणारं सामान: खुंट्या, घण, साखळ्या, जॅक, पाने, गुटके, रुतलेल्या चाकाखाली टाकायच्या फळ्या. जमिनीपासून फूटभर तरी मोकळं राहू दे. तंबूच्या काठ्यांना हौद्याच्या एका बाजूला आतून, तळाशी, पाच इंची पीव्हीसी पाइपाचे तुकडे लावून लांबोटी घरं कर. उभ्या काठ्यांनी अडवलेली जागा मोकळी होते आणि काठ्या वाटेत घरंगळत नाहीत.

दांडीच्या वर, हौद्याच्या पुढं, फूट-सव्वाफुटाची फळी टाकता येते. तिथं जास्त काही नको, कारण तिथलं सगळं वजन दांडीवर जातं. ती टाकल्यावर ट्रॅक्टर दोन्हीकडं पूर्ण वळवून बघ. मागचं टायर फळीला कुठंही घासता कामा नये.

गॅसबद्दल ताकीद देतो. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर जात नाही, तळाशी साचतो. म्हणून सिलिंडर माळ्याखाली, बंद जागेत, धान्याच्या पोत्यांमागं कधी ठेवायचे नाहीत. हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात त्यांच्यासाठी वेगळं जाळीचं कपाट कर, दार बाहेरून उघडणारं, तळाला मोठ्या फटी. सिलिंडर उभेच राहिले पाहिजेत, पट्ट्यानं आवळून. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस, मोठ्यात १९ किलो, आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याहून वेगळं, हे हिशेबात धर. जनरेटर आणि त्याचं इंधन दुसऱ्या टोकाला. जनरेटर ट्रॉलीत किंवा ट्रॉलीला चिकटून चालवायचा नाही. त्याच्या धुरातला विषारी वायू वासानं कळत नाही आणि माळ्यावर माणसं झोपलेली असतात. अग्निशामक नळकांडं मागच्या खुंटाला, हाताच्या उंचीला.

पाण्याची टाकी पाचशे लिटरची म्हणजे अर्धा टन. ती बरोबर एक्सलवर बसव. अर्धी भरलेली टाकी सर्वांत वाईट, ब्रेक मारला की पाणी पुढं धावतं, चढाला मागं. प्रवासात ती रिकामी ठेव, पिण्यापुरते वीस लिटरचे जार घे. मुक्कामावर टँकर असतात, तिथं भर. रिकाम्या टाकीच्या तोंडातून पत्रावळी आणि द्रोणांचे गठ्ठे पिशवीत घालून आत ठेवणाऱ्या दिंड्या मी बघितल्या आहेत. टाकी पिण्याच्या पाण्याची असेल तर हे करू नको, भांडी घासायच्या पाण्याची असेल तर खुशाल कर.

लोखंडाचे चार कानमंत्र, तुला ठाऊक असतील तरी. चासीच्या चॅनलच्या वरच्या किंवा खालच्या पाखावर आडवी वेल्डिंग ओढायची नाही, तिथंच पुढं चीर जाते. काही बसवायचंच असेल तर चॅनलच्या उभ्या अंगाच्या मध्यावर भोक पाड, नाहीतर यू-बोल्टनं आवळ. पाट्यांना वेल्डिंगची ठिणगीही लागू देऊ नको, पाटा ठिसूळ होतो आणि काचेसारखा तुटतो. सांधा झाला की घासून रेड ऑक्साइडचे दोन हात, मगच रंग. चौकोनी पाइप वापरलास तर त्याची तोंडं बंद कर आणि खाली बारीक भोक ठेव, आत पाणी राहून तो आतून सडतो.

भरायची पद्धत सांगतो. धान्याची पोती एक्सलच्या वर आणि किंचित पुढं, डावी-उजवी समान. पातेली एकात एक, सर्वांत मोठ्याच्या पोटात सर्वांत लहान, आणि लहानाच्या पोटात डाव-झारे. भांड्यांच्या मधे चादरी कोंब, आवाजही बंद आणि चादरींनाही जागा मिळाली. परातींची चवड फाळक्याला उभी. खुर्च्या दुमडणाऱ्याच घे. तंबू सर्वांत शेवटी चढवायचे, कारण मुक्कामावर तेच पहिले लागतात. पाऊस पडत असेल तर तंबूआधी दुसरं काही उतरवायची सोयच नसते.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. धान्य रोज कमी होतं. निघताना नीट बसवलेली ट्रॉली चार-पाच मुक्कामांत बदललेली असते. पुढची पोती संपली की मागचं सामान भारी ठरतं आणि दांडी हलकी होत जाते. म्हणून बारामतीच्या मुक्कामात एकदा आणि अकलूजला एकदा पोती पुन्हा लाव. वारकऱ्यांच्या पिशव्यांनाही मर्यादा घाल. माणसाला एक पिशवी आणि एक वळकटी, पिशवीवर नाव. साठ माणसांची प्रत्येकी पाच किलोची जादा पिशवी म्हणजे तीनशे किलो, आणि ती सगळी माळ्यावर, म्हणजे उंचावर. हे सांगताना कुणाला वाईट वाटेल. तरी सांग, आणि स्वतःच्या घरापासून सुरुवात कर.

सगळं तयार झालं की रिकाम्या ट्रॉलीचं वजन पुन्हा कर. माळा, पेट्या, ओटा, कपाट मिळून जेवढं लोखंड-लाकूड चढलं तेवढं सामान कमी नेता येणार, हा सरळ हिशेब. टायरवर लिहिलेली भारक्षमता वाच, दोन्ही टायरांची बेरीज एक्सलच्या वजनापेक्षा बरीच जास्त असली पाहिजे. हब उघडून जुनं ग्रीस धुऊन नवं भर. मग निघायच्या आठवडाभर आधी पूर्ण भरलेली ट्रॉली न्हावऱ्याहून पारगावचा पूल ओलांडून चौफुल्यापर्यंत नेऊन आण. चौफुल्याला उतरून हबला उलटा हात लाव. हात टेकवत नसेल इतका तापला तर बेरिंग घट्ट आहे किंवा गेलेलं आहे. चाकांचे नट आणि माळ्याचे बोल्ट तिथं पुन्हा आवळ, नवे सांधे पहिल्या फेरीतच ढिले पडतात. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर बाकीचा खर्च थांबव आणि आधी ब्रेक बसव. रोटीच्या घाटात चढताना ज्या गिअरमध्ये ट्रॅक्टर चढेल त्याच गिअरमध्ये उतारही उतरायचा, न्यूट्रल करायचं नाही. मागं लाल रिफ्लेक्टरची पट्टी फाळक्याच्या पूर्ण रुंदीला, आणि फाळका ओटा म्हणून उघडलेला असताना दिसेल अशी दुसरी पट्टी खुंटांवर. मागचा दिवा लागतो का ते रोज पहाटे बघ.

पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते. लोखंड आणायला, चौकट बांधायला, रंग वाळायला आणि चौफुल्याच्या फेरीला वेळ हवा, म्हणून वैशाखातच काम हातात घे. मला बोलाव, टेप धरायला मी येईन.